वाचकांचे प्रश्न : ग्रेट्झ्कीच्या वर रुआ कसा?

मागच्या अंकात आइस हॉकीच्या बाद फेरीतल्या थोर खेळाडूंचा माझा क्रम छापून आला होता. पहिला पॅट्रिक रुआ, दुसरा वेन ग्रेट्झ्की, तिसरा मॉरिस रिशार. कापूस वेचणीचे दिवस असूनही पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांना हा क्रम मान्य नाही. आधी एक साधा प्रश्न घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

प्रश्न : माझा पोरगा जूनमध्ये पहाटे साडेपाचला उठून मोबाईलवर बर्फावरची हॉकी पाहते. पेरणीचे दिवस असतेत, वावरात जायची घाई असते, अन् हा म्हणते, 'बाबा, फायनल हाये.' अशी कशी फायनल, जे पंधरा-पंधरा दिवस चालते?
— एक शेतकरी, वरुड

उत्तर : भाऊ, पोरगा खोटं बोलत नाही. तिकडे संध्याकाळी आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो. अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ संघांची ही नॅशनल हॉकी लीग आहे. आधी साखळी सामने होतात, २०२५-२६च्या हंगामापर्यंत प्रत्येक संघाचे ८२. मग त्यातले १६ संघ बाद फेरीत जातात. तिथं चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यात एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात. जो आधी चार जिंकेल तो पुढे. म्हणजे विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप उचलायला १६ विजय लागतात. एप्रिलच्या मध्याला सुरू झालेलं हे प्रकरण जूनमध्ये, आपल्याकडे मृग लागतो तेव्हा, संपतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. बाद फेरीत सामना बरोबरीत सुटत नाही. साठ मिनिटांत निकाल लागला नाही तर वीस-वीस मिनिटांचे जादा डाव खेळतात आणि पहिला गोल पडला की खेळ तिथंच संपतो. मग भले मध्यरात्र उलटून जावो.

प्रश्न : सर, ग्रेट्झ्कीचे बाद फेरीत ३८२ पॉइंट हायेत. दुसऱ्या नंबरवरच्या मार्क मेसियरचे २९५. एवढा मोठा माणूस तुम्ही दुसरा ठेवला अन् एका गोलकीपरला पहिला, हे काऊन? आमच्या होस्टेलवर यावरून रात्रभर भांडण झालं.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, दर्यापूर

उत्तर : बेटा, तुझे आकडे बरोबर आहेत. २०८ सामन्यांत १२२ गोल आणि २६० असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास; दोन्हींची बेरीज म्हणजे पॉइंट. १९८५ साली तर एकाच बाद फेरीत १८ सामन्यांत ४७ पॉइंट. तो विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. नुसत्या पॉइंटांवर क्रम लावायचा असेल तर वाद घालायचं कारणच नाही, ग्रेट्झ्की पहिला.

पण मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवलं आणि संघ निवडताना मला एकच गोष्ट बघायची सवय लागली : जिंकण्याचा किती भार या एका माणसाच्या खांद्यावर होता? आणि सोबतचे खेळाडू बदलले तरी तो भार त्यानं तसाच पेलला का? पुतण्या नोकरीसाठी एडमंटनला गेला तेव्हापासून मी हा खेळ पाहतो आहे, आणि माप हेच लावतो.

एडमंटननं १९८४, ८५, ८७ आणि ८८ असे चार कप ग्रेट्झ्कीसोबत जिंकले. त्याच्याबरोबर कोण होते ते बघ. मेसियर, यारी कुरी, पॉल कॉफी, गोलात ग्रँट फ्यूर. ज्या १९८५मध्ये ग्रेट्झ्कीनं ४७ पॉइंट केले त्याच वर्षी कुरीनं १९ गोल मारले, तोही विक्रमाच्या बरोबरीचा आकडा. ऑगस्ट १९८८मध्ये ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, सारा कॅनडा हळहळला. आणि १९९० साली मेसियरच्या नेतृत्वाखाली एडमंटननं त्याच्याशिवाय पाचवा कप जिंकला. ग्रेट्झ्कीला मात्र एडमंटन सोडल्यावर पुन्हा कप मिळाला नाही. यानं त्याची थोरवी कमी होत नाही. पण तो भार वाटून घेणारे चार-पाच जण सोबत होते, हे नोंदवावंच लागतं.

आता रुआकडे ये. १९८६मध्ये तो वीस वर्षांचा, पहिलाच पूर्ण हंगाम. माँट्रियलच्या गोलात उभा राहिला आणि कप घेऊन गेला. बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूला कॉन स्माइथ चषक देतात, तो त्याला मिळाला. १९९३मध्ये पुन्हा. मग संघ बदलून कोलोरॅडोला गेला आणि २००१मध्ये तिसऱ्यांदा. हा चषक तीनदा मिळवणारा तो एकटाच. पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये पंधरा वर्षं गेली, या काळात खेळ बदलला, गोलरक्षकांची उभं राहण्याची पद्धत बदलली (गुडघे टेकून खालची बाजू बंद करण्याची जी रीत आज सगळे वापरतात ती रुळवण्यात त्याचाच मोठा वाटा), पुढचे बचावपटू बदलले, शहर बदललं. हा तिथंच. बाद फेरीत त्याच्या नावावर १५१ विजय आहेत. त्याच्यामागे मार्टिन ब्रोडूर, ११३.

१९९३बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझा सगळा युक्तिवाद त्या वर्षावर उभा आहे. माँट्रियलचा तो संघ काही बलाढ्य नव्हता. पहिल्या टप्प्यात शेजारच्या क्वेबेककडून पहिले दोन सामने हरले, त्यातला पहिला जादा वेळेत. रुआवर टीका सुरू झाली. तिथून पुढे माँट्रियलचे दहा सामने जादा वेळेत गेले आणि ते दहाच्या दहा माँट्रियलनं जिंकले. क्वेबेकशी दोन, बफेलोशी तीन, न्यूयॉर्क आयलंडर्सशी दोन आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलिसशी तीन. जादा वेळेत एक गोल बसला की खेळ खलास. दहा वेळा समोरच्या संघाला तो एक गोल हवा होता आणि दहा वेळा या माणसानं तो दिला नाही. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या टोमास सँडस्ट्रॉमचा पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) अडवून रुआनं त्याला डोळा मारला, ते दृश्य आजही जुन्या चित्रफितींत सापडतं. मी ते पोरांना दाखवतो. मस्ती म्हणून नाही. तेवढ्या दडपणातही माणूस किती निवांत असू शकतो, ते कळावं म्हणून.

आणि लॉस एंजेलिसच्या त्या संघाचा कर्णधार कोण होता? ग्रेट्झ्की. त्या बाद फेरीत सर्वाधिक ४० पॉइंट त्याचेच. उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात टोरांटोविरुद्ध त्यानं तीन गोल मारून संघाला अंतिम फेरीत आणलं होतं. पूर्ण भरात असलेला ग्रेट्झ्की समोर होता आणि माँट्रियल ४-१ जिंकलं. त्यानंतर २०२५पर्यंत कॅनडातल्या एकाही संघाला कप मिळाला नाही.

१९९६चा शेवटचा सामनाही पाहा. फ्लोरिडात तीन जादा डावांपर्यंत खेळ गेला, रुआनं ६३ फटके अडवले आणि कोलोरॅडो १-० जिंकलं. त्या वेळी कॉन स्माइथ त्याच्या सहकाऱ्याला, ज्यो सॅकिकला मिळाला. तोही योग्यच, १८ गोल होते त्याचे.

होस्टेलवरच्या तुझ्या विरोधकांना एक हत्यार मीच देतो. २००२मध्ये डेट्रॉइटविरुद्ध सहाव्या सामन्यात रुआनं अडवलेला पक दाखवायला हातमोजा वर उचलला, पक निसटला आणि गोल झाला. सातवा सामना कोलोरॅडो ७-० असा हरलं. हे त्याच्या खात्यात मांडायलाच पाहिजे, मी मांडून बघितलं आहे. तरी १९८६, १९९३, १९९६, २००१ या चार ओळी त्यावर भारी पडतात.

प्रश्न : आपण मॉरिस रिशार यांना तिसरे स्थान दिलेत. त्यांचे बाद फेरीतले गोल ८२. माइक बॉसी यांचे ८५ आणि तेही कमी सामन्यांत. जुन्या काळाच्या ओढीने तर असे झाले नाही ना?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, आर्वी

उत्तर : गुरुजी, तुमचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. बॉसी १२९ सामन्यांत ८५, रिशार १३३ सामन्यांत ८२. बॉसीनं १९८१, ८२ आणि ८३ अशी तीन वर्षं ओळीनं बाद फेरीत प्रत्येकी १७ गोल मारले. त्याचे आयलंडर्स १९८० ते ८३ सलग चार कप जिंकले. माझ्या यादीत तो पाचवा आहे आणि तिथं मी समाधानी आहे.

पण रिशारच्या काळात कप जिंकायला दोनच टप्पे होते, आठ विजय पुरत. संघ सहाच. साखळीत तेच पाच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर येत, त्यामुळे तुमची प्रत्येक चाल त्यांना पाठ. बॉसीच्या काळात गोलांचा सुकाळ होता, रिशारच्या काळात तसा नव्हता. २३ मार्च १९४४ला माँट्रियलनं टोरांटोला ५-१ हरवलं आणि पाचही गोल रिशारचे. सामन्यानंतर तीन उत्तम खेळाडू जाहीर करायची प्रथा आहे. त्या रात्री तिन्ही वेळा त्याचंच नाव घेतलं. बाद फेरीच्या जादा वेळेत त्यानं कारकिर्दीत सहा गोल मारले, तो विक्रम कितीतरी दशकं टिकला. पुढे सॅकिकनं आठ मारले.

आणि माझं माप त्याला लावायची संधी इतिहासानंच दिली. मार्च १९५५मध्ये एका लाइन्समनला, म्हणजे सहायक पंचाला, मारल्याबद्दल रिशारवर उरलेल्या हंगामाची आणि पूर्ण बाद फेरीची बंदी आली. १७ मार्चला माँट्रियलमध्ये दंगल झाली. फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना तो आपला माणूस वाटे, त्याच्यावरचा अन्याय त्यांना स्वतःवरचा वाटला. लाइन्समनवर हात उचलला त्याला शिक्षा हवीच होती, यात मला शंका नाही. पण पुढचं बघा. त्याच्याशिवाय माँट्रियल अंतिम फेरीत गेलं आणि डेट्रॉइटकडून सातव्या सामन्यात हरलं. पुढच्या वर्षी तो परतला आणि १९५६ ते १९६० सलग पाच कप आले. त्या पाचांत इतरही थोर होते हे मान्य. त्याचाच धाकटा भाऊ आन्री रिशार याच्याकडे खेळाडू म्हणून ११ कप आहेत, सर्वांत जास्त. तरी त्याला कुणी मॉरिसच्या वर ठेवत नाही. कप मोजून क्रम लावू नये असं मी म्हणतो ते यासाठीच.

प्रश्न : सर, मी कबड्डी खेळते. यंदा आम्ही फायनल दोन गुणांनी हरलो. त्या सामन्यात सर्वात जास्त गुण माझे होते, पण बक्षीस समारंभात माझं नावही घेतलं नाही. हरलेल्या संघातला खेळाडू थोर असू शकतो का? तुमच्या आइस हॉकीत काय करतात?
— बारावीची विद्यार्थिनी, लाखनी

उत्तर : असू शकतो, बेटा, आणि तिथं तसं लिहूनही ठेवलं आहे. कॉन स्माइथ चषक १९६५पासून देतात. सहा वेळा तो हरलेल्या संघातल्या खेळाडूला मिळाला : १९६६ रॉजर क्रोझियर, १९६८ ग्लेन हॉल, १९७६ रेजी लीच, १९८७ रॉन हेक्स्टॉल, २००३ जाँ-सेबास्तियाँ जिगेर, २०२४ कॉनर मॅक्डेव्हिड. यातले चार गोलरक्षक आहेत. (दर्यापूरच्या मुलानं हेही वाचावं.)

मॅक्डेव्हिडचं उदाहरण तुझ्या जवळचं आहे. २०२४च्या अंतिम फेरीत एडमंटन फ्लोरिडाविरुद्ध ०-३ असं मागे होतं, आणखी एक हार म्हणजे घरी. चौथ्या सामन्यात त्याचे चार पॉइंट, पाचव्यात पुन्हा चार. मालिका ३-३ झाली. सातवा सामना ते २-१ हरले. त्या बाद फेरीत त्याचे ४२ पॉइंट होते, त्यात ३४ असिस्ट, हा नवा विक्रम. चषक त्याला जाहीर झाला तेव्हा तो घ्यायला बर्फावर आलाच नाही. काहींना हे उद्धटपणाचं वाटलं. मला नाही वाटलं. कप गेल्यावर त्या क्षणी हातात दुसरं काही धरवत नाही, हे तुला सांगायला नको.

पण एक सांगतो, कारण तू मन लावून विचारलं आहेस. शेवटच्या दोन सामन्यांत मॅक्डेव्हिडला एकही पॉइंट मिळाला नाही. फ्लोरिडानं त्याला बांधून ठेवलं. कबड्डीत पहिल्या डावात भराभर गुण घेणाऱ्या रेडरला दुसऱ्या डावात समोरचे कव्हर ओळखून घेतात आणि मग त्याच वाटेनं गेलं की पकड होते, तसंच हे. आपली फायनल डोळ्यांसमोर आण आणि शेवटच्या पाच मिनिटांत तुझ्या किती रेड रिकाम्या गेल्या ते बघ. तिथं तुला पुढच्या वर्षीचा सराव सापडेल. नाव न घेणाऱ्यांनी चूकच केली. तालुक्याच्या स्पर्धेतसुद्धा हरलेल्या बाजूच्या एका खेळाडूला बक्षीस ठेवायला काय जातं? ज्या गावांत स्पर्धा भरतात त्या मंडळांना मी हे इथून जाहीर सांगतो.

प्रश्न : आइस हॉकीवाले हाड मोडलं तरी खेळतात म्हणून माझा मुलगा सुजलेल्या गुडघ्यानं रात्रीच्या सामन्यांना जातो. तुमचा लेख दाखवतो. त्याला काय सांगू?
— एका खेळाडूची आई, पुसद

उत्तर : ताई, त्याला हे पुढचं वाचून दाखवा.

१९६४च्या अंतिम फेरीत टोरांटोच्या बॉब बॉनचं पाय-घोट्याजवळचं हाड मोडलं. इंजेक्शन घेऊन तो परत आला आणि जादा वेळेत विजयी गोल मारला. २०१३मध्ये बोस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेल्या बरगडीनं अंतिम फेरीचा शेवटचा सामना खेळला आणि नंतर फुप्फुसाला छिद्र पडल्याचं निघालं. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. १९५२मध्ये रिशार डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला, पट्टी बांधून परत आला आणि बोस्टनविरुद्ध मालिका जिंकून देणारा गोल केला. या गोष्टी लोक कौतुकानं सांगतात. मी माझ्या यादीत या कारणासाठी कुणालाही एक पायरीसुद्धा वर चढवलेलं नाही. रिशारचा तो गोल मी त्याच्या बाजूनं मुद्दामच मांडला नाही. आज तसा मार लागला तर खेळाडूला बाहेर नेऊन तपासायचा नियम आहे, आणि तो नियम चांगला आहे.

बॉन आणि बर्जरॉनच्या बाकावर डॉक्टर होते. आपल्या रात्रीच्या सामन्यांत मातीचं मैदान असतं, हॅलोजनचे दोन दिवे असतात आणि डॉक्टर तालुक्याला असतो. माझ्या शाळेतला एक फार गुणी मुलगा असाच सुजलेला गुडघा घेऊन खेळला, आयोजकांनी आग्रह केला म्हणून. लिगामेंट तुटलं. आज त्याला वखरामागे नीट चालता येत नाही. ताई, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि तो सांगेपर्यंत मुलाला मैदानाच्या कडेलाही उभं करू नका. रागावला तर माझ्यावर रागावू द्या.

प्रश्न : साखळीत साधारण आणि बाद फेरीत असाधारण, असं खरंच होतं की लोक नंतर गोष्टी रचतात?
— एक वाचक, उमरखेड

उत्तर : बऱ्याचदा रचतात, पण काही नावं रचलेली नाहीत. न्यू जर्सीचा क्लॉड लेम्यू १९९५च्या छोट्या झालेल्या साखळीत ४५ सामन्यांत फक्त ६ गोल करू शकला. त्यानंतर बाद फेरीत २० सामन्यांत १३ गोल आणि कॉन स्माइथ. आयुष्यभरात बाद फेरीतले ८० गोल, तीन वेगवेगळ्या संघांकडून चार कप. त्याचा खेळ मला आवडत नाही, मागून धडक देणारा माणूस. पण आकडा तो आकडा. दुसरा जस्टिन विल्यम्स, नऊ 'सातव्या सामन्यां'त १५ पॉइंट, आणि त्या नऊपैकी आठ त्याच्या संघानं जिंकले.

प्रश्न : चिखलदऱ्याला लय थंडी पडते. तिथं आइस हॉकी खेळता येईल का?
— सहावीचा विद्यार्थी, अचलपूर तालुका

उत्तर : नाही रे बाळा. तलावावर माणूस पेलेल इतका जाड बर्फ तिथं धरत नाही. आपल्या देशात हा खेळ लडाखमध्ये रुजला आहे, हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. तिथल्या मुलींनी भरलेल्या भारताच्या महिला संघानं २०२५मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. तुला सुरुवात करायची असेल तर चाकांच्या स्केटवर कर. नागपूरला गेलास तर शिकवणारे भेटतील, आणि तोल सांभाळायला शिकलास की अर्धं काम झालं.

प्रश्न : मारिओ लेम्यू कुठं आहे?
— हिंगणघाट

उत्तर : माझ्या यादीत चौथा. (वरचा क्लॉड लेम्यू वेगळा.) बाद फेरीत १०७ सामन्यांत १७२ पॉइंट. त्यातले ७८ पॉइंट १९९१ आणि १९९२ या दोन बाद फेऱ्यांत मिळून ३८ सामन्यांत, आणि दोन्ही वर्षी कप व कॉन स्माइथ. १९९२मध्ये काठीचा फटका बसून हाताचं हाड मोडलं, काही सामने बाहेर बसला, मग परतला. त्या वर्षी त्याच्या पिट्सबर्गनं शेवटचे अकरा सामने ओळीनं जिंकले. कारकिर्दीची पहिली चार वर्षं त्याचा संघ बाद फेरीपर्यंत पोचलाच नाही. नंतर पाठीचं दुखणं, मग कर्करोग. ग्रेट्झ्कीला मिळाले त्याच्या जेमतेम निम्मे सामने याला मिळाले. आणखी पन्नास मिळाले असते तर तिसरा क्रमांक त्याचा झाला असता, असं मला वाटतं. आर्वीच्या गुरुजींनी यावर लिहावं.